बायकोचा पेशंट

गुरुवारी सकाळी नऊ वाजता पत्नी मला म्हणाली, "आजोबा, बाही वर करा." मी बाही वर केली. तिने दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, नळ्या कानाला लावून पारा खाली येताना पाहिला आणि म्हणाली, "एकशे सत्तर, शंभर. नातेवाईक कोण आहे बरोबर?" मी म्हणालो, कोणी नाही. "पुढच्या वेळी घेऊन या," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेलो आणि मटकी भिजत घातली.

बेचाळीस वर्षं ती मला 'अहो' म्हणत आली होती. त्या गुरुवारनंतर एकदाही म्हणाली नाही.

पत्नी महानगरपालिकेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं परिचारिका होती. मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होतो, म्हणजे प्रूफं तपासायचो. निवृत्तीनंतर आम्ही दोघं कर्वेनगरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. एकुलती मुलगी खराडीला असते, सॉफ्टवेअरमध्ये. तिच्या मते कर्वेनगरला यायचं म्हणजे शनिवारच हवा; बाकीच्या दिवशी त्यापेक्षा बंगळूर जवळ पडतं. पत्नीला विस्मरणाचा आजार असल्याचं निदान त्या गुरुवारच्या दोन वर्षं आधी झालेलं होतं. गॅस चालू राहायचा, एकच प्रश्न दिवसातून वीसदा यायचा, पण तोवर मी कोण हे तिला पक्कं ठाऊक असायचं.

त्या काळात सकाळी नऊची वेळ मोठी अवघड होती. ती पांढरी साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभी राहायची. ओपीडी सुरू झाली असेल, बाहेर रांग लागली असेल, असं तिचं म्हणणं. मी दार अडवून उभा. तू निवृत्त झालीस, हे मी तिला रोज सांगायचो आणि रोज ती बातमी तिला नव्याने लागायची. गुरुवारी तिने कपाटातून स्वतःचं पाऱ्याचं यंत्र काढलं, जेवणाच्या टेबलावर मांडलं, आणि ओपीडीच घरी आली. भांडण संपलं. मला पेशंट व्हावं लागलं, एवढंच.

पेशंट म्हणून माझी वागणूक तिला फारशी पसंत नव्हती. मी खुर्ची ओढून लगेच बसायचो. तिने बोलावल्याशिवाय बसायचं नाही, हे शिकायला मला आठवडा लागला. केसपेपर नाही म्हणून तिने मला दोनदा परत पाठवलं. मग जुन्या प्रूफांच्या कोऱ्या पाठी मी केसपेपर म्हणून नेऊ लागलो. एकदा मी शर्ट बदलून दुसरा पेशंट म्हणून गेलो, तिला तेवढंच जास्त काम मिळावं म्हणून. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, आजोबा, शर्ट बदलून नंबर लागत नाही.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी, निवृत्त शिक्षिका, दहाच्या सुमाराला यायच्या. त्यांच्यामुळे रांगेत दोन माणसं व्हायची आणि पत्नीला बरं वाटायचं. वहिनींना ती नेहमी सांगायची, एकशे वीस, ऐंशी. मला एकशे सत्तर, शंभर; कधी एकशे अडुसष्ट, कधी एकशे बहात्तर, पण आसपास तेच. वहिनी खूश होऊन पायऱ्या उतरायच्या. जाताना मला म्हणायच्या, "भावजी, तुमचा चेहरा अलीकडे तांब्याच्या हंड्यासारखा दिसतो. कुणाकडून तरी घासून घ्या." मी हसायचो. तपासणीचं मनावर घेऊ नका, ती बिचारी काहीही आकडे सांगते, असंही मी त्यांना समजावलं होतं.

आता माझ्या वहीबद्दल. दोनशे पानी वही होती, रेघा मारून रकाने पाडलेले. उठण्याची वेळ, जेवण, झोप, शौच, चिडचिड, आणि शेवटचा रकाना 'वारंवार येणारे भ्रम' असा. त्यात मी रोज सुवाच्य अक्षरात लिहायचो: 'माझं प्रेशर वाढलं आहे असं तिला वाटतं. आकडा जवळपास तोच.' वही डॉक्टरांना दाखवायची होती, आणि आपल्या हातून एकही नोंद सुटत नाही याचा मला अभिमान होता.

मुद्रितशोधक वाचत नाही, तपासतो. छापखान्यात पहिल्याच महिन्यात माझ्या वरिष्ठांनी हे मला शिकवलं होतं. मजकुरात शिरलात की डोळा पुढे धावतो आणि चूक निसटते. म्हणून अर्थ बाजूला ठेवायचा आणि अक्षर अक्षर पाहायचं. छत्तीस वर्षं मी तसंच केलं. अपघाताचे अहवाल, शोकप्रस्ताव, फाशीच्या निकालावरच्या पुरवण्या, सगळं माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि संध्याकाळी मी शांतपणे जेवलो. घरीही मी तेच चालवलं होतं. तिने चमच्याऐवजी कंगवा घेतला, नोंद. मुलीला 'तुमची आई कशी आहे' असं विचारलं, नोंद. वेळेसकट. नोंद केली की त्या गोष्टीचं माझ्यापुरतं काम संपायचं.

शरीराने काही कळवलं नव्हतं असं नाही. सकाळी उठलं की डोक्याची मागची बाजू ठणकायची. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताना पहिल्यावर थांबावं लागायचं. तिथे मी वहिनींच्या दारातली तुळस पाहत असल्याचं दाखवायचो. फिरायला जाणं कधीच सुटलं होतं, तिला एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून. जेवण ओट्याशी उभ्यानेच, बहुतेक भात, पापड आणि लोणचं. डोकं दुखतं त्या अर्थी चष्म्याचा नंबर वाढला असणार, असं ठरवून एका शनिवारी मुलगी आलेली असताना मी बुधवार पेठेत जाऊन नंबर तपासून घेतला. तो तोच निघाला. येताना पुस्तकांच्या दुकानात शिरलो आणि विस्मरणाच्या आजारावरचं एक जाड पुस्तक घेतलं. 'काळजी घेणाऱ्यांची काळजी' हे प्रकरण वगळून बाकीचं दोनदा वाचलं. त्यात सत्तावीस मुद्रणदोष सापडले. डोकं दुखायचं थांबलं नाही, म्हणून मी हॉलमधला बल्ब बदलला.

मुलगी रोज फोन करायची. कसं आहे, विचारायची. मी सांगायचो, छान.

त्या गुरुवारनंतर पाच महिन्यांनी पत्नीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेहमीची भेट होती. डॉक्टर म्हणजे तिशीची मुलगी, बोलणं भराभर. पत्नी शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. डॉक्टरांनी माझी वही बरीच पानं चाळली आणि अक्षराचं कौतुक केलं. मला ते अपेक्षितच होतं. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "काका, हा आकडा कुठून येतो?"

"तिच्या मनातून."

"मशीन न लावता?"

मी म्हणालो, लावते, अगदी व्यवस्थित लावते, हाताची सवय आहे ना. डॉक्टरांनी विचारलं, सगळ्यांना हाच आकडा सांगतात का? मी म्हणालो, नाही, खालच्या वहिनींना एकशे वीस सांगते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमचं प्रेशर शेवटचं कधी तपासलं होतं?"

"रोज तपासते ना ती," मी म्हणालो. आणि म्हणून झाल्यावर ते वाक्य मला ऐकू आलं.

डॉक्टर उठून माझ्या दंडाला पट्टा बांधू लागल्या. तेवढ्यात पत्नीने कॅलेंडर सोडलं आणि म्हणाली, "कोपराच्या दोन बोटं वर बांधा. आणि हात टेबलावर टेकवू द्या त्यांना. शिकवलं नाही का कुणी?" डॉक्टरांनी निमूटपणे पट्टा वर सरकवला, हात टेकवला. एकशे चौऱ्याहत्तर, एकशे दोन. त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं, दुसऱ्या हाताचंही पाहिलं, आणि माझी वही मला परत दिली.

"काका, सिस्टरांचं बरोबर आहे. भ्रम तुम्हाला झालाय."

पत्नीने मान डोलावली. पाच महिने सांगतेय, ऐकत नाहीत, असं ती त्यांना म्हणाली. तिला पाच महिने खरोखर आठवत होते की प्रत्येक पेशंटबद्दल ती हेच म्हणायची, हे मला आजही सांगता येणार नाही.

मला त्या क्षणी आठवत होत्या त्या फक्त पाच महिन्यांच्या नोंदी. दीडशे वेळा मी एकच बरोबर गोष्ट चूक म्हणून उतरवून घेतली होती, आणि तेही स्वच्छ अक्षरात. डॉक्टरांनी रक्त, लघवी, हृदयाचा आलेख असं सगळं लिहून दिलं. मग जरा हळू बोलत विचारलं, "तुम्ही आधी पडलात तर यांच्याकडे कोण बघणार?"

मुलीला नोकरी होती आणि तीन वर्षांचं मूल होतं. म्हणजे पत्नी कुठल्यातरी केंद्रात, अनोळखी माणसांत जाणार. मीही तिला अनोळखीच होतो हे खरं. पण निदान रोजचा पेशंट होतो. मी पडलो तर तिचा तो एक पेशंटही जाणार होता. रिक्षात बसल्यावर मी ते मनात नीट मांडून पाहिलं आणि वही उघडायची सोय नसल्यामुळे ते तसंच मनात राहिलं.

डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी केलं, चालायला सांगितलं. शिवाय जे मनात चाललंय ते कुणाशी तरी बोला, असंही सांगितलं. पहिल्या तीन गोष्टी मी लगेच सुरू केल्या. चौथीसाठी माझ्याकडे विषय नाही, असं माझं मत होतं.

मुलगी त्या शनिवारी आली ती रागातच. रिपोर्ट वाचून तिने फाइल बंद केली. "बाबा, मी रोज विचारते आणि तुम्ही रोज छान म्हणता. आईला विसरायचा आजार आहे. तुम्हाला काय झालंय?" मी तिला सांगायला गेलो की काळजी करण्यासारखं काही नाही, तर ती म्हणाली, हे वाक्य या घरात आता बंद. मग तिने सोमवारपासून सकाळी आठ ते बारा एक मावशी ठरवल्या. मला हे आवडलं नाही. आमच्या घरात बाईमाणूस ठेवून मी काय बागेत फेऱ्या मारायच्या? हो, म्हणाली, फेऱ्याच मारायच्या. मारल्या. पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली आणि मी बाकावर बसून मावशींनी दूध उतू घालवलं असेल का याचा विचार केला. घालवलं नव्हतं.

दोन आठवडे गोळी घेऊनही प्रेशर एकशे साठच्या खाली येईना. पत्नीला ते खटकलं. एका सकाळी तिने पारा पाहिला, पट्टा सोडला नाही, आणि म्हणाली, "गोळी वेळेवर घेता ना?"

"घेतो."

"मीठ?"

"बंद केलंय."

"मग काय त्रास आहे? सांगा. लाजू नका, इथे सगळे त्रासाचेच येतात."

मी नेहमीप्रमाणे काही नाही म्हणणार होतो. पण समोर बसलेली बाई माझी कोणी नव्हती. तिच्या डोळ्यांत तसं स्पष्ट दिसत होतं. जिला काही लपवून ठेवायला हवं अशी बायको तिथे नव्हती, जिला सांभाळून घ्यायचं अशी मुलगी नव्हती. दवाखान्यातली सिस्टर होती आणि मागे रांग नव्हती.

"बायको आजारी आहे," मी म्हणालो.

"काय होतंय तिला?"

"विसरते."

"तुम्हाला ओळखते?"

हा प्रश्न इतक्या महिन्यांत मला कोणीही विचारला नव्हता. मुलगी विचारायला घाबरत असावी. माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता. "नाही," मी म्हणालो, आणि पुढे बोलायला गेलो तर निघालं ते रडू. मी स्वतःला रडताना ऐकून इतका चकित झालो की आधी वाटलं बाहेर कोणीतरी रडतंय. मावशी स्वयंपाकघरातून डोकावल्या. पत्नीने त्यांना नजरेनेच परत पाठवलं, वॉर्डातल्या नातेवाइकांना पाठवतात तसं.

तिने माझ्या दंडाचा पट्टा सोडला आणि टेबलावरचा नॅपकिन पुढे केला. "रडून घ्या. प्रेशर मग बघू. आत्ता पाहिलं तर जास्तच येणार."

मी रडून घेतलं. बराच वेळ लागला. ती घड्याळाकडे न पाहता बसून राहिली. मग म्हणाली, "स्वभावाने कशी होती हो बायको?"

"अजून आहे," मी म्हणालो. "तिखट आहे. नर्स होती."

"मग तिखट असणारच," ती म्हणाली. "उद्या या."

त्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला. कसं आहे, तिने विचारलं. मी म्हणालो, आज रडलो. ती म्हणाली, थांबा, मी मीटिंगमधून बाहेर येते. आम्ही पाऊण तास बोललो, आणि त्यातला निम्मा वेळ तिच्या आईच्या तिखटपणाचे किस्से सांगून हसण्यात गेला. महापौर दवाखाना पाहायला आले तेव्हा तिने त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या होत्या, हा किस्सा तिला माहीत नव्हता.

त्यानंतरचे महिने, आजाराकडे पाहता, चांगले म्हणायला हवेत. पेशंट म्हणून मी बोलका झालो. बायकोची कुरकुर करायला स्वतः बायकोच मिळणं ही सोय फार थोड्यांच्या वाट्याला येते. ती भात उशिरा खाते, आंघोळीला नाही म्हणते, मला आजोबा म्हणते, अशी सगळी गाऱ्हाणी मी तिच्याकडे केली. आंघोळीच्या बाबतीत तिने सल्ला दिला: विचारू नका, पाणी काढलंय म्हणून सांगा. तो लागू पडला. रोजची बुद्धवंदना मात्र तिला तोंडपाठ होती. पालीतला एक शब्द इकडचा तिकडे होत नसे, आणि मी अडखळलो तर ती मला चष्म्यावरून पाहायची.

मी चालत होतो. अर्ध्या फेरीच्या चार झाल्या, दुसरा मजला एका दमात येऊ लागला. आणि चार महिन्यांनी एका सकाळी पत्नीने पारा पाहिला, पुन्हा पाहिला, नळ्या कानातून काढल्या आणि म्हणाली, "एकशे तीस, ऐंशी. बरे झालात. आता यायची गरज नाही."

ही अडचण माझ्या लक्षात आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गुडघा घेऊन गेलो. तिने दाबून पाहिलं आणि म्हणाली, यात काही नाही, वय झालंय. तिसऱ्या दिवशी पोट घेऊन गेलो. तिने जीभ पाहिली, डोळे पाहिले, आणि यंत्राची पेटी बंद करत म्हणाली, "आजोबा, घरी करमत नाही का?"

"नाही करमत," मी म्हणालो.

"मग बसा इथे. पण रांगेत नको. बाजूला बसा."

मी खुर्ची तिच्या बाजूला घेतली. तो सगळा हिवाळा मी तिथे बसलो. वहिनी आल्या की मी केसपेपर पुढे करायचो, मदतनीस म्हणून. वहिनी म्हणाल्या, भावजी, बढती मिळाली म्हणायची.

पुढच्या वर्षी तिने यंत्र उघडणं थांबवलं. मग चालणं, मग बोलणं. तिला उचलून खुर्चीत बसवणं, कूस बदलणं, भरवणं, हे मावशी आणि मी मिळून करायचो, आणि मला ते जमत होतं. शेवटी न्यूमोनिया झाला. सहा दिवस इस्पितळात होतो. जिने चढलो, उतरलो, औषधं आणली, तिच्या उशाशी बसलो. सातव्या दिवशी सकाळी ती गेली तेव्हा मी तिथे होतो, माझ्या पायांवर उभा होतो. मुलगी माझ्या शेजारी होती.

पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर्स आल्या होत्या, आणि तिने लहानपणी लस टोचलेली, आता पोराबाळांची झालेली माणसं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी पंचवीस मिनिटं बोललो. वहीत भ्रम म्हणून काय लिहीत होतो तेही सांगितलं, आणि लोक हसले. खाली बसल्यावर वहिनी कुजबुजल्या, भावजी, दोन शब्दच म्हणाले होते हो.

ती जाऊन चौदा महिने झाले. डॉक्टरांनी माझी गोळी निम्मी केली आहे. तिची आठवण रोज येते, आणि आली की मी ती येऊ देतो. ती नाही. मी आहे, आणि माझी तब्येत बरी आहे.